सरकारी खरेदीतला लहान कारखानदाराचा वाटा

सरकार हे आपल्या देशातले फार मोठे गिऱ्हाईक आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. सरकार म्हटले की आपल्याला तहसील कचेरी आठवते, सातबारा आठवतो, फार तर पोलीस शिपाई आठवतो. पण सरकार रोज बाजारहाटही करीत असते, आणि तो बाजारहाट तुमच्याआमच्या घरच्या पिशवीत मावणारा नसतो.

आपल्या नागपूरचेच पाहा ना. कोळशाच्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्य कार्यालय इथे आहे. मनसर, कांद्री, गुमगाव या मँगनीजच्या खाणी ज्या मॉइल कंपनीच्या, तिचेही मुख्य कार्यालय इथेच. संरक्षण खात्याच्या कारखान्यांतून २०२१ साली ज्या नव्या कंपन्या निघाल्या, त्यांतल्या यंत्र इंडियाचे ठाणे अंबाझरीला आहे. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन रेल्वेंचे नागपूर विभाग इथून चालतात. या सगळ्यांना रोज काही ना काही लागते. खाणीतल्या माणसाला बूट लागतात, हातमोजे लागतात. यंत्राला नटबोल्ट, वायसर, रबरी पट्टे लागतात. कचेरीला खुर्च्या, फायली, पडदे लागतात. झाडलोट, धुलाई, गाड्या भाड्याने लावणे अशी कामेही बाहेरून करून घ्यावी लागतात.

आता हा माल विकतो कोण? ज्याच्यापाशी भांडवल आहे, ज्याला निविदेची भाषा कळते, ज्याचा मागचा अनुभव कागदावर आहे, तो. आणि अनुभव कुणाचा असतो? ज्याला आधी काम मिळाले त्याचा. म्हणजे विहिरीत पोहायला आल्याशिवाय उतरायचे नाही, आणि उतरल्याशिवाय पोहणे यायचे नाही, असा हा पेच आहे. तो सगळ्याच नवख्यांना पडतो; पण ज्यांच्या घराण्यात दुकानदारी, सावकारी, कारखानदारी कधी येऊच दिली गेली नाही, त्यांना तो अधिक घट्ट बसतो.

हुन्नर नव्हता असे मात्र कुणी समजू नये. गिरण्या येण्यापूर्वी आपल्या भागात गावोगाव जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत महार विणकर पुष्कळ होते. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, पुढे गिरणीचे स्वस्त कापड खेड्यापाड्यांत पोचले, आणि हातमाग बसले. विणकराचा मुलगा मजूर झाला. मुंबईच्या गिरण्यांत तर त्याला विणाई खात्यात घेतच नसत. तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याने तोंड लावलेली कांडी दुसरे कामगार हाती घेत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. सांगायचा मुद्दा असा, की हात कसबी होते. धंदा त्या हातांत राहू दिला नाही.

ही घडी थोडी तरी मोडावी म्हणून केंद्र सरकारने २०१२ साली एक हुकूम काढला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावयाच्या सार्वजनिक खरेदीचे धोरण, असे त्याचे लांबलचक नाव. केंद्राची खाती आणि केंद्राच्या मालकीच्या कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी काही हिस्सा लहान उद्योगांकडूनच घ्यावा, असा त्याचा मतलब. आरंभी हा हिस्सा शंभरात वीस होता, आणि १ एप्रिल २०१५ पासून तो सक्तीचा झाला. २०१८ च्या दुरुस्तीने तो शंभरात पंचवीस केला. या पंचवीसमधले चार रुपये अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, आणि तीन रुपये स्त्री उद्योजकांकडून घ्यावेत असे ठरले. शिवाय ३५८ वस्तूंची एक यादी आहे. त्या वस्तू फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. हा हुकूम केंद्राचा आहे. तो वेस्टर्न कोलफील्ड्सला लागू आहे, रेल्वेला लागू आहे. पण आपली जिल्हा परिषद किंवा कोराडीचे वीज केंद्र यांना तो लागू नाही. राज्याच्या खरेदीचे नियम राज्याचे असतात. कुठल्या दाराशी उभे आहोत हे न पाहता हक्क सांगितला, तर आतला बाबू हसतो, आणि आपण अपमान झाला म्हणून परत येतो. त्यात बाबूचेही काही चुकलेले नसते.

या वाट्यावर हक्क सांगायचा तर पहिली पायरी म्हणजे 'उद्यम' नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू झाली. आधार क्रमांक आणि पॅन एवढ्यावर ती होते, घरबसल्या होते, आणि तिला एक पैसाही पडत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सरकारी नाव वाटावे असे नाव घेऊन हजार-दोन हजार रुपये उकळणारी दुकाने ठिकठिकाणी निघाली आहेत. जिल्हा उद्योग केंद्रात विचारले तर तिथेही मार्ग दाखवतात. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तो सूक्ष्म उद्योग. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत लघु. म्हणजे आपल्या गावची पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, शिवणकामाचा कारखाना हे सारे सूक्ष्मातच आले.

मात्र इथे पुष्कळांची फसगत होते. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. सरकारी खरेदीतला वाटा माल बनवणाऱ्याचा आहे, सेवा देणाऱ्याचा आहे; इतवारीतून माल घेऊन कचेरीत पोचवणाऱ्याचा नाही. प्रमाणपत्र दोघांचे वरवर सारखेच दिसते. निविदा उघडल्यावर मग एकाचा कागद बाजूला पडतो, आणि त्याला वाटते की आपल्याला डावलले.

आता मालक कोण, हा खरा कळीचा प्रश्न. एकट्याचा धंदा असेल तर मालक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा हवा, किंवा स्त्रीच्या वाट्यासाठी स्त्री हवी. भागीदारी असेल तर निदान ५१ टक्के हिस्सा अशा भागीदारांचा हवा. कंपनी असेल तर ५१ टक्के भाग त्यांचे हवेत. हा एक्कावन्नचा आकडा केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्य समाजांच्या उद्योगांसाठी सरकारी कचेरी उघडली, १९७७ च्या एका कायद्याने सार्वजनिक बांधकामांच्या पैशातला दशांश त्यांच्यासाठी ठेवला गेला, आणि १९७२ साली स्थापन झालेली एक संस्था मोठमोठ्या खासगी कंपन्यांसाठी अशा उद्योगांना तपासून दाखले देऊ लागली. तिथेही मोजमाप ५१ टक्क्यांचेच. पण त्यांची तपासणी तेवढ्यावर थांबत नाही. बँकेच्या चेकवर सही कुणाची? कामगार ठेवणे, काढणे कुणाच्या हाती? भाव कोण ठरवतो? असे नाना प्रश्न विचारतात, जागेवर येऊन पाहतात. कारण कागदावरचा मालक आणि गल्ल्यावरचा मालक निराळे असू शकतात, हे त्यांना लवकरच कळून चुकले. दक्षिण आफ्रिकेत तर असा खोटा मालक उभा करणे हा २०१३ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवला आहे.

आपल्याला हे समजावून सांगायला परदेशात जायला नको. सरपंचपती आपण पाहिलेले आहेत. बाई निवडून येतात, शिक्का बाईंच्या नावाचा, आणि खुर्चीत मात्र यजमान. तसाच हा प्रकार. एखादा बडा कंत्राटदार गावातल्या होतकरू पोराला गाठतो, म्हणतो, "तुझ्या नावानं फर्म काढू, तुला महिन्याचे दहा हजार घरी बसून. काहून नाही म्हणतोस?" पोरगा दहा हजारांकडे पाहतो. पण कराचे विवरण त्याच्या नावाने जाणार, बँकेचे कर्ज त्याच्या नावावर निघणार, माल खराब निघाला तर काळ्या यादीत नावही त्याचेच जाणार. दुसरे म्हणजे, त्याच्या नावाचा वाटा एकदा परक्याच्या घरात गेला की उद्या त्याला स्वतःला खरा धंदा काढायचा झाला तर तो मोकळा नसतो. माझे स्पष्ट मत असे, की रोजगार म्हणून मजुरी पत्करावी, पण सही भाड्याने देऊ नये.

बचत गटांच्या बाबतीत आपल्या राज्याने हा धडा महागात घेतला आहे. अंगणवाडीतल्या मुलांच्या पोषण आहाराचे काम कंत्राटदारांना देऊ नये, ते शक्यतो गावातले समूह, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडून करून घ्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला. हेतू किती सरळ! गावच्या बायांनी शिजवावे, गावच्या लेकरांनी खावे, आणि चार पैसे गावात राहावेत. पुढे काय झाले? पाकीटबंद आहाराच्या मोठमोठ्या निविदा निघू लागल्या, आणि महिला संस्थांच्या नावाआड मोठे पुरवठादार काम करतात अशा तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. २०१६ साली निघालेल्या अशा एका निविदेच्या अटी लहान गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या. बचत गट भांडत राहिले, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली. वाटा राखून ठेवणे एक, आणि तो ज्याचा त्याच्या ताटात पडणे निराळे. मधल्या वाटेवर निविदेच्या अटी बसलेल्या असतात: मागील तीन वर्षांची उलाढाल इतकी हवी, अनामत इतकी हवी, गोदाम एवढे हवे. सूक्ष्म व लघु उद्योगांना निविदेचे कागद फुकट मिळतात आणि बयाणा रक्कम माफ असते. मागच्या उलाढालीची आणि अनुभवाची अटही केंद्राच्या खरेदीत सैल करता येते. पण 'करता येते' म्हणजे 'करतातच' असे नव्हे. निविदेत ती सवलत लिहिली आहे की नाही, हे आधी वाचून घ्यावे.

गुरुजनांशी मला इथे दोन शब्द बोलायचे आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला जातीचा दाखला लागतो. आपल्या राज्यात तो उपविभागीय अधिकारी, म्हणजे लोकांच्या बोलीत प्रांतसाहेब, देतात. त्यासाठी पुरावा मागतात तो अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. एवढ्या जुन्या काळचा कागद खेड्यातल्या माणसापाशी कुठून असणार? तो असतो दोन ठिकाणी. एक, आपल्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात जन्ममृत्यूची नोंद होई त्या कोतवाल बुकात; आणि दुसरा, तुमच्या शाळेच्या लोखंडी कपाटातल्या दाखलखारीज रजिस्टरात. आजा चौथीपर्यंत शिकला असेल तर त्याचे नाव आणि जात तिथे लिहिलेली सापडते. ते रजिस्टर वाळवीने खाल्ले, किंवा पान शोधायला वेळ नाही म्हणून माणूस परत पाठवला, तर नातवाचा दाखला अडतो. आणि दाखला अडला की निविदेची तारीख निघून जाते. जुनी रजिस्टरे झटकून, नीट बांधून ठेवणे हे काम लहान दिसते, पण त्यावर कुणाचा कारखाना उभा असेल ते सांगता येत नाही.

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर केंद्राच्या सवलती त्यांना नाकारल्या गेल्या, कारण धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीची नोंद गेली असे मानत. ही अडचण १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन दूर झाली. तेव्हा बौद्ध उद्योजकाचा या चार टक्क्यांवर पूर्ण हक्क आहे. फक्त दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा, आणि त्यात धर्मांतरापूर्वीची जात लिहिलेली हवी. नुसते 'बौद्ध' एवढेच लिहिलेला कागद दिल्लीकडच्या कचेरीत अडकून पडतो.

उलट बाजूचेही सांगितले पाहिजे. आपल्या भागातले कोष्टी विणकर आपण हलबा जमातीतले आहोत असे सांगत आले. तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला, आणि २००० साली न्यायालयाने ठरवले की अनुसूचीत जे नाव जसे लिहिले आहे तसेच ते वाचायचे. त्यात हलबा-कोष्टी येत नाहीत. राज्यात कोष्टी समाजाला विशेष मागास प्रवर्गात जागा आहे, पण केंद्राच्या या खरेदीत इतर मागास, विशेष मागास किंवा भटक्या जातींसाठी निराळा वाटा नाही. त्यांना पंचवीस टक्क्यांच्या सामाईक ताटातच जेवावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या माणसाला हे कडू लागेल, पण खरी स्थिती ही आहे. त्याच घरातल्या स्त्रीच्या नावे खराखुरा कारखाना असेल, तर मात्र तीन टक्क्यांचे दार तिला उघडे आहे.

आता भावाचे गणित. समजा, खाणीसाठी चाळीस हजार हातमोज्यांचे जोड हवे आहेत. एका मोठ्या कारखान्याने जोडाचा भाव शंभर रुपये दिला आणि तो सर्वांत कमी ठरला. कामठीच्या एका लहान कारखान्याने ११२ रुपये दिला. एरवी त्याचा निकाल तिथेच लागला असता. पण नियम असा, की सर्वांत कमी भाव मोठ्या कारखान्याचा असेल, आणि लहान कारखान्याचा भाव त्याहून पंधरा टक्क्यांच्या आत असेल, तर लहानाला विचारायचे: शंभराला देतोस का? तो हो म्हणाला तर एकूण मालाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे दहा हजार जोडांपर्यंत, काम त्याला द्यायचे. असे लहान कारखाने दोनतीन निघाले तर तो हिस्सा त्यांच्यात वाटून जातो.

लोक इथवर ऐकून खूश होतात. पण पुढचा प्रश्न स्वतःला विचारावा: ११२ ला जो माल परवडत होता तो १०० ला परवडेल काय? सरकार जास्तीचा भाव देत नाही, फक्त संधी देते. म्हणून ११२ लिहिताना आपला खरा खर्च किती, हे रबर, सूत, मजुरी, वीज, वाहतूक धरून पैपैसा काढलेले असावे. निविदा भरण्याआधी रात्री वहीत केलेला हा हिशेब, नंतर केलेल्या शंभर खेटांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

आणि या चार टक्क्यांचे प्रत्यक्षात काय होते? पंचवीस टक्क्यांचे उद्दिष्ट एकंदरीने भरत आले आहे. पण चार टक्क्यांची रेघ गाठली गेलेली नाही. अनेक वर्षे ती एका टक्क्याच्या आतबाहेर घोटाळत राहिली. याचे एक कारण हुकुमातच आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक निविदेत उतरलेच नाहीत, किंवा अटी आणि भाव पुरे करू शकले नाहीत, तर त्यांचा हिस्सा इतर लहान उद्योगांकडून भरून काढावा, असे त्यात लिहिले आहे. अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. खाणीतला माणूस बुटांवाचून किती दिवस थांबणार? पण त्यामुळे होते असे, की माणूस आला नाही म्हणून वाटा दुसरीकडे जातो, आणि वाटा मिळत नाही म्हणून माणूस येत नाही. ही अडचण जाणून केंद्राने २०१६ साली राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब नावाची योजना काढली. प्रशिक्षण, यंत्रांसाठी अर्थसाहाय्य, खरेदी करणाऱ्या कंपन्यांशी गाठभेट अशी कामे तीत होतात. त्याआधी २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची वाणिज्य मंडळी स्थापन केली होती. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या कल्पना सरोज यांनी तर मुंबईचा बुडीत कमानी ट्यूब्ज कारखाना हाती घेऊन चालवून दाखवला, आणि २०१३ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली. खासगी कंपन्यांवर मात्र आपल्याकडे अशा खरेदीची सक्ती नाही. करतील त्या स्वेच्छेने.

आता राहिला पैशांचा प्रश्न. माल पोचला, आणि बिल मात्र टेबलावर पडून आहे, यात कितीतरी लहान कारखाने बुडाले. २००६ च्या कायद्याने यावर तोड काढली आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायलाच हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हा नियम खासगी गिऱ्हाइकालाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पैसे आले नाहीत तर उद्योग सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते, आणि ती परिषद नागपुरातही आहे. मुंबईला जावे लागत नाही. मात्र उद्यम नोंदणी मालाच्या कराराआधीची असावी. नंतर नोंदणी करून मागच्या बिलांसाठी या कायद्याचा आधार घेता येतो की नाही, यावर न्यायालयांत अजून खल चालू आहे. आणि माल देताना पोच घ्यावी, तीवर तारीख आणि सही असावी. पंचेचाळीस दिवस मोजायला सुरुवात त्या तारखेपासून होते.